चित्रपुस्तकांतील हट्टी मुले आणि बदलती घरे

पित्याच्या मांडीवर बसावयास गेलेल्या ध्रुवाला सावत्र मातेने, सुरुचीने, अडविले आणि पाच वर्षांचे ते पोर, कोणा वडीलधाऱ्याच्या मध्यस्थीची वाट न पाहता, अढळपद मिळविण्यासाठी अरण्यात निघून गेले, ही कथा आपल्याकडे प्रत्येक पिढीने ऐकलेली आहे. परंतु एक तेजस्वी बालनायक आणि एक दुभंगलेले घर या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र नांदतात, याकडे बालवाङ्मयाचा विचार करताना आपले लक्ष क्वचितच जाते. यशोदेच्या घरचा कृष्ण, कण्वाश्रमातील शकुंतला, राधेने वाढविलेला कर्ण, असे जन्मदाते एक आणि सांभाळणारे दुसरे हे आपल्या कथापरंपरेला मुळीच अपरिचित नाही. नवे आहे ते चित्रपुस्तक. बहुधा ३२ पृष्ठांत, म्हणजे सोळापानी दोन फर्म्यांत, शब्दांनी अर्धे सांगावे आणि उरलेले चित्राने, अशी ही कला. आणि बदलत्या कुटुंबाचा विषय तिच्या हाती आला की तिचे सामर्थ्य व तिचे दौर्बल्य ही दोन्ही जितकी उघडी पडतात, तितकी अन्य कोणत्याही विषयात पडत नाहीत.

ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या एझ्रा जॅक कीट्सने १९६२ साली ‘द स्नोई डे’ या पुस्तकात पीटर नावाच्या कृष्णवर्णीय मुलाला बर्फात खेळविले आणि पुढल्याच वर्षी त्या पुस्तकास कॅल्डेकॉट पदक मिळाले. १९६७ सालच्या ‘पीटर्स चेअर’मध्ये त्याच पीटरला बहीण झाली आहे; त्याचा पाळणा, त्याची उंच खुर्ची, सारे गुलाबी रंगविले जात आहे. उरलेली एक निळी खुर्ची उचलून तो कुत्र्यासह घराबाहेर येतो, तेव्हा वहिवाटीच्या हक्काची फिर्याद गुदरणाऱ्या प्रौढ माणसाचे गांभीर्य कीट्सने त्याला दिले आहे. परंतु निवाडा आई करीत नाही, बापही करीत नाही. पीटर खुर्चीवर बसू पाहतो आणि तीत मावत नाही, इतकेच घडते. आपण मोठे झालो हे त्याला स्वतःच्या शरीरावरून कळते, आणि मग बापाशेजारी बसून ती खुर्ची तोच रंगवू लागतो. नक्षीदार कागद कापून व चिकटवून केलेल्या त्या चित्रांतले घर इतके खरे वाटते, की उपदेशाचे एक वाक्यही तेथे उपरे ठरले असते.

व्हेरा विल्यम्स हिच्या १९८२ सालच्या ‘अ चेअर फॉर माय मदर’मध्येही खुर्चीच आहे, आणि हे पुस्तक मला या कलेतील पूर्णत्वाच्या फार जवळचे वाटते. आई उपाहारगृहात नोकरी करते, आजी घरी असते, मुलगी ही हकीकत सांगते. आगीत सर्व चीजवस्तू जळाल्यावर शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या सामानावर संसार पुन्हा उभा राहिला आहे, आणि काचेच्या मोठ्या बरणीत तिघी नाणी साठवीत आहेत, कारण दिवसभर उभी राहिलेली आई संध्याकाळी टेकेल अशी एकही मऊ जागा घरात उरलेली नाही. बाप कोठे आहे, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाही. तीन स्त्रियांचे हे कुटुंब रंगांनी इतके भरगच्च रंगविले आहे, की त्यात काही उणे आहे असे वाचणाऱ्या मुलाच्या मनातही येत नाही. विषयाचे नावही न घेता त्याला न्याय देण्याचे हे कौशल्य मी फार मोठे मानतो.

याच्या उलट, लेस्लिया न्यूमन हिचे १९८९ सालचे ‘हेदर हॅज टू मॉमीज’. दोन माता असलेल्या मुलीची कथा त्या काळी छापणे हे धैर्याचे काम होते आणि त्याबद्दल लेखिकेविषयी आदरच वाटला पाहिजे. परंतु हेदरचा जन्म कसा झाला याचा सविस्तर खुलासा मूळ आवृत्तीत होता, तो पुढील आवृत्त्यांतून गाळण्यात आला, आणि पुस्तक त्यामुळे सुधारले. खुलासा मुलासाठी नव्हताच. तो दाराशी उभ्या असलेल्या शंकेखोर मोठ्यांसाठी होता, आणि मोठ्यांपुढे कैफियत मांडू लागलेले पुस्तक मुलाकडे पाठ फिरविते.

मेरी हॉफमन व चित्रकर्त्री कॅरोलिन बिंच यांची ग्रेस हिची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९९१ सालच्या ‘अमेझिंग ग्रेस’मध्ये गोष्टीवेडी ग्रेस शाळेच्या नाटकात पीटर पॅन होऊ इच्छिते, तू मुलगी, तू काळी, असे वर्गसोबती म्हणतात, आजी तिला नृत्यनाट्य दाखवावयास नेते, आणि ग्रेस जिंकते. विजय थोडा सोपा आहे. खरी कसोटी १९९५ सालच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, जेथे ग्रेस गाम्बियात राहणाऱ्या बापाकडे जाते आणि तेथे त्याची दुसरी पत्नी व मुले तिला भेटतात. ज्या गोष्टींनी या मुलीला बळ दिले, त्याच गोष्टींनी सावत्र आई दुष्ट असते हेही शिकविले आहे. म्हणजे येथे नायिकेला झुंजावयाचे आहे ते आपल्याच वाचनाशी. सुरुचीची कथा ऐकून वाढलेल्या आपल्या मुलांना ही झुंज समजावून सांगावी लागणार नाही.

मराठीत माधुरी पुरंदरे यांनी हट्टी, चौकस, कधी रुसणारे खरेखुरे मूल चित्रपुस्तकात आणले. लेखणी व कुंचला एकाच हाती असल्याने ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’ यांत शब्द थांबतो तेथे चित्र बोलू लागते. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला तो सर्वथा उचित होता. तथापि एकंदर मराठी चित्रपुस्तकातील घर आईबाबा व आजीआजोबा यांनी भरलेले असते. मोडलेले, जोडलेले, दूर गेलेले घर तेथे विरळा. चेन्नईची तूलिका आणि बंगळूरची प्रथम बुक्स या संस्था अनेक भाषांतून पुस्तके काढतात व त्यांचा लाभ मराठी मुलांना होतो. पण अन्य भाषेत रचलेल्या चित्रांत राखलेल्या जागेत मराठी मजकूर बसवावयाचा, अशा व्यवस्थेतून बीडच्या ऊसतोडकऱ्याचे पोर नायक होणे कठीण. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे गेले की गावी आजी हीच आई होते, आणि हंगाम संपला की घराची घडी पुन्हा बदलते. इतका हालता संसार कीट्सलाही मिळाला नव्हता. त्याचे चित्रण करावयास चित्रकाराने फडावरच्या कोपीत आणि गावच्या ओसरीत दीर्घकाळ बसले पाहिजे, आणि चौरंगी छपाईचा खर्च भागवून त्या काळाचेही मानधन त्याला देता यावे यासाठी शाळा व सार्वजनिक ग्रंथालये यांनी मूळ मराठी चित्रपुस्तकांच्या खरेदीची स्वतंत्र तजवीज आपापल्या अंदाजपत्रकात केली पाहिजे.