संधी आणि विग्रह : ग्रेटफुल डेडच्या एका मैफलीचा आस्वाद

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६५ साली उदयास आलेल्या ‘ग्रेटफुल डेड’ ह्या वाद्यवृंदाच्या चाहत्यांत ८ मे १९७७ च्या मैफलीला प्रमाण पोथीचे स्थान लाभले आहे. ही मैफल इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झाली. बेटी कँटर-जॅक्सन ह्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या तिच्या फिती अनेक वर्षे हातोहात फिरल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २०११ च्या निवडीत तिचा समावेश झाला आणि २०१७ मध्ये ती अधिकृतपणे प्रकाशित झाली. ज्या वाद्यवृंदाची सारी भिस्त उत्स्फूर्ततेवर, त्याच्या एका रात्रीची अशी पोथी व्हावी, हे विचार करावयास लावणारे आहे.

रसिकांची दाद येथे गीतांपेक्षा दोन गीतांमधील संधिस्थानाला अधिक मिळते. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ आणि ‘फायर ऑन द माउंटन’ ही जोडी मार्च १९७७ मध्ये प्रथम सादर झाली होती. म्हणजे कॉर्नेलला ती अद्याप नवीच होती. पहिल्या गीताचे शब्द संपतात, आधारस्वर मात्र ढळत नाही. त्या स्वराभोवती वाद्ये रेंगाळतात आणि हळूहळू दुसऱ्या गीताच्या दोनच स्वरमेळांवर स्थिरावतात. सीमा नेमकी कोणत्या मात्रेवर ओलांडली, हे सांगणे दुष्कर. भाषेतील संधीचा विग्रह करता येतो. येथे विग्रह करू जावे तर आस्वाद्य वस्तूच हातून निसटते. सामान्य चाहत्याने ह्याच जागी बोट ठेवावे, ह्यात त्याच्या कानाची सूक्ष्मता दिसते.

परंतु हा कान तुलनेवर पोसलेला आहे. ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांहूनही कमी होते. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ मध्ये तेच सुमारे २३ मिनिटे चालते. मूळ संहिता कोणती म्हणावी? ज्याने अनेक रात्री ऐकल्या, त्यालाच कलावंताने काय निवडले आणि काय टाळले हे उमगते. केवळ कॉर्नेल ऐकून कॉर्नेलला सर्वश्रेष्ठ ठरविणाऱ्याचा अभिप्राय म्हणूनच लंगडा पडतो. शिवाय त्या कीर्तीत ध्वनिमुद्रणाच्या निर्मळपणाचाही वाटा आहे. तो सारा जेरी गार्सियाच्या गिटारच्या खाती जमा करणे न्याय्य नव्हे.

दुसऱ्याच रात्री, ९ मे रोजी, ह्याच मंडळींची मैफल बफेलो येथे झाली. तीत ती जोडी वाजलीच नाही.