पुराणकथा कोणाच्या मुखी?

कादंबरीत पुराणकथा आढळली की प्रतीकांची यादी करून थांबावयाचे, ही आपल्या समीक्षेची जुनी सवय आहे. कोणते पात्र कोणत्या देवतेचे प्रतिरूप, हे ठरले की विवेचन संपले असे मानले जाते. भावी काळातील दुःशासित राज्याचे चित्र रेखाटणाऱ्या ‘डिस्टोपिया’ या कादंबरीप्रकारापुढे मात्र ही सवय अपुरी पडते. कारण येथे लेखकाप्रमाणेच कादंबरीतील राज्यसत्ताही पुराणकथा सांगत असते. ती कोण सांगतो आणि कोणाला वाचू दिली जात नाही, या प्रश्नातच अशा कादंबरीचे समाजभाष्य सामावलेले असते.

येवगेनी झाम्यातिन यांची ‘आम्ही’ ही रशियन कादंबरी १९२०-२१ साली लिहिली गेली. १९२४ साली तिचे इंग्रजी भाषांतर निघाले; सोव्हिएत संघात ती छापली जाण्यास मात्र १९८८ साल उजाडावे लागले. तिच्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. आर-१३ हा राज्याच्या सेवेतील कवी नायकाला एदेन बागेची कथा ऐकवतो. आदिम दांपत्यापुढे दोनच पर्याय होते : स्वातंत्र्यावाचून सुख किंवा सुखावाचून स्वातंत्र्य. त्यांनी स्वातंत्र्य निवडले आणि मानवजात युगानुयुगे बेड्यांसाठी झुरत राहिली. आता राज्याने ते नंदनवन परत मिळवून दिले आहे. कथेचा सांगाडा ओळखीचा, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष राज्याच्या सोयीचा. बंडखोर मात्र मेफिस्टोफिलिसच्या नावावरून स्वतःला ‘मेफी’ म्हणवतात. सत्तेने ईश्वराची भूमिका बळकावल्यावर विरोधकाला सैतानाचीच भूमिका उरते, हे झाम्यातिन यांचे मर्मभेदी निरीक्षण होय.

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीत हाच प्रश्न स्त्रीच्या देहापर्यंत येऊन भिडतो. अपत्यहीन राहेल आपली दासी बिल्हा पती याकोबाला देते, या ‘उत्पत्ती’मधील कथेवर गिलियड राज्याने दासींची प्रथा उभारली आहे. बायबल घरोघरी कुलुपात असते. ते वाचण्याचा अधिकार पुरुषाचा, स्त्रियांना वाचनाचीच बंदी. येशूच्या धन्यवचनांत मौन पाळणाऱ्यांविषयी एक वचन घुसडले आहे, हे निवेदिकेला कळते. पण पडताळून पाहण्यास ग्रंथ हाती नाही. म्हणून या कादंबरीस केवळ धर्मग्रंथावरील टीका समजणे उथळपणाचे ठरेल. तिचा रोख वाचनाच्या मक्तेदारीवर आहे.

उपसंहारात २१९५ साली भरलेली विद्वानांची परिषद दाखविली आहे. निवेदिकेच्या ध्वनिफितींचा क्रम प्राध्यापकांनी लावला आहे. वक्ता विनोद करतो, नैतिक निवाडा टाळण्याचा सल्ला देतो आणि तिच्यापेक्षा तिच्या मालकाची ओळख पटविण्यात अधिक रमतो. तिची कथा पुन्हा एकदा दुसऱ्याच्याच मुखी जाते. ग्रंथांचा अर्थ लावणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आपणां सर्वांना ही पाने वाचताना अस्वस्थ वाटावयास हवे.