नभोनाट्यातील समाजसुधारणा आणि आपण

आकाशवाणीवरील नाटकाचा विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. जे लिहिले गेले ते आवाजाच्या अभिनयाविषयी आणि बहुतेक आठवणींच्या अंगाने. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच'मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी एका पिढीला घरचे वाटत होते, हे सगळे सांगतात. ते घर कोणाचे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते शहरातले पांढरपेशा घर होते. आमच्या वस्तीतल्या बायाही अशा घरांत रोज जात होत्या, पण धुणीभांडी करायला.

मनोरंजनाच्या बाबतीत हे एक वेळ सोडून देता येईल. पण गेल्या पन्नास वर्षांत जगभर नभोनाट्याकडे आणखी एक काम आले आहे, लोकांना शहाणे करण्याचे. लहान कुटुंब ठेवा, मुलीला शिकवा, हुंडा घेऊ नका, लस टोचा, पाणी उकळून प्या, हे सगळे गोष्टीतून सांगायचे. यातले एकही सांगणे वाईट नाही. म्हणूनच या नाट्यप्रकाराची चिकित्सा करायला आपले लोक बिचकतात. चांगल्या कामात खोट कशाला काढायची, असे त्यांना वाटते. मला वाटते, खोट काढली पाहिजे; कारण ही नाटके ज्यांना उद्देशून लिहिली जातात ते प्रामुख्याने आपण आहोत.

या प्रकाराचा साचा मेक्सिकोमधील मिगेल साबिदो यांनी १९७०च्या दशकात दूरचित्रवाणी मालिकांसाठी घडवला. एक चांगले पात्र, एक वाईट पात्र, आणि दोघांमध्ये हेलकावे खाणारे तिसरे. ऐकणाऱ्याने या तिसऱ्याशी नाते जोडायचे, त्याच्याबरोबर अडखळायचे आणि त्याच्याबरोबर सुधारायचे. दूरदर्शनवर १९८४ साली आलेल्या 'हम लोग'मागे हीच कल्पना होती. आकाशवाणीने १९९६-९७ साली हिंदी पट्ट्यासाठी 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची मालिका केली. ती ऐकून उत्तर प्रदेशातील लुत्सान गावच्या १८४ माणसांनी आपण हुंडा देणेघेणे सोडल्याचे पत्र, सह्या आणि अंगठे उमटवून, आकाशवाणीला पाठवले. त्या पत्राचा पुढे परदेशातही अभ्यास झाला.

मला इथे बोलायचे आहे ते त्यानंतरच्या 'तरु'विषयी, कारण तिच्यात जात आहे. ही मालिका फेब्रुवारी २००२ पासून वर्षभर, ५२ भागांत, बिहार, झारखंड, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ऐकवली गेली. अरविंद सिंघल आदी अभ्यासकांनी तिचे कथासूत्र नोंदवले आहे. सुहागपूर नावाचे गाव. तिथल्या समाजकार्याच्या केंद्रात तरु ही शिकलेली मुलगी काम करते. तिच्याबरोबर शशिकांत आहे. तोही तितकाच शिकलेला, पण खालच्या मानलेल्या जातीतला. दोघांना एकमेकांची ओढ आहे. पण शशिकांतला आपल्या जातीची जाणीव आहे, लग्नाचे नाव काढले तर गाव पेटेल हे तो ओळखतो, आणि ती ओढ मुकीच राहते. तरुचा भाऊ मंगला या मैत्रीची टवाळी करतो. तरुची मैत्रीण नेहा दलित मुलांसाठी शाळा काढते. अडीअडचणीला गावातले एक बाबा आणि एक गुरुजी मदतीला धावतात.

या गोष्टीत जात कुठे राहते? ती मंगलाच्या तोंडात राहते. साच्याप्रमाणे तो वाईट पात्र आहे, म्हणून जात ही त्याची वाईट खोड. खोड जाऊ शकते, माणूस सुधारू शकतो, आणि मग जात संपली! जमीन कोणाकडे आहे, मजुरी कोण ठरवतो, पोलीस ठाण्यात खुर्ची कोणाला मिळते, हे प्रश्न साच्यात बसत नाहीत. कारण ते एका पात्राच्या सुधारण्याने सुटत नाहीत.

ही मालिका ज्या बिहारमध्ये ऐकवली गेली त्याच बिहारमध्ये १ डिसेंबर १९९७च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना ठार मारले होते. त्यांत बायका होत्या, पोरे होती. मालिका सुरू झाली तेव्हा या घटनेला साडेचार वर्षेही झाली नव्हती. खालच्या न्यायालयाने २०१० साली २६ जणांना दोषी ठरवले आणि पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ साली त्या सर्वांना सोडून दिले. बाथेचे हत्याकांड 'तरु'त यायला हवे होते, असे मी म्हणत नाही. पण शशिकांतच्या मुकेपणामागे किती भीती आहे, याचा एखादा हुंकार तरी ऐकू यायला हवा होता. त्याऐवजी तो समंजस ठरतो. दलित पात्राला समंजसपणा बहाल करणे ही आपल्या प्रस्थापित साहित्याची जुनी खोड आहे. हरिजनकथांपासून ती आपण पाहत आलो.

नेहाच्या शाळेबाबतही हेच. मी वर्गात व्याकरण शिकवते, म्हणून मला 'साठी' हे शब्दयोगी अव्यय नेहमी खटकते. दलितांसाठी शाळा, दलितांसाठी नाटक, दलितांसाठी आरोग्य. देणारा कर्ता आणि घेणारा 'साठी'पुढे हात पसरून उभा.

आरोग्याच्या नाटकांत तर हे उघडच दिसते. श्रोता हा तिथे आधी रोगी असतो आणि त्याचा रोग म्हणजे त्याचे अज्ञान. माझी आई अक्षरशत्रू होती, पण रेडिओशी भांडायची. गरोदर बाईने रोज दूध प्यावे, असे त्यातली डॉक्टरीण सांगू लागली की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "दूध पी म्हनं. म्हस काय हिच्या बानं दिलीया आमाला?" माझ्या मते श्रुतिकालेखनाच्या कोणत्याही शिबिरात हे वाक्य आधी सांगितले पाहिजे. 'पाणी उकळून प्या' असे सांगणाऱ्याने ते पाणी कोणत्या विहिरीचे आणि तिथे कोणाला जाता येते हे विचारले नाही, तर त्याचा आरोग्यविचार अर्धाच राहतो. महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आरोग्याचा प्रश्न त्यात होताच, पण तो हक्काच्या पोटात होता.

यावर कोणी म्हणेल, सुधारणेचा उपदेश तुमच्या जलशांनीही केलाच की. केला, आणि सडेतोड केला. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, १९३०च्या दशकात वस्तीवस्तीत जाऊन मृतमांस सोडा, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला असेच सांगितले. बाबासाहेबांनीही महाडच्या डिसेंबर १९२७च्या परिषदेनंतर स्त्रियांशी बोलताना नेसण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा विषय काढला होता. म्हणजे संदेशाचे शब्द बहुतेक तेच. तरीही जलशाने आपल्याला खाली मान घालायला लावले नाही. तिथे सांगणारा आपल्याच वस्तीतला, त्याचे पोट आपल्यासारखेच, आणि 'मेलेले ढोर ओढू नका' हे सांगताना ते ओढायला लावणाऱ्या गावाला तो बतावणीत उघडे पाडायचा. प्रेक्षक मधूनच ओरडायचे आणि शाहीर त्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायचा. ध्वनिमुद्रित श्रुतिकेला हे उत्तर देणे जमत नाही.

पण नभोनाट्याची बाजू इथेच संपत नाही. बिहारमधल्या अबीरपूर गावात 'तरु' ऐकणाऱ्या तरुण मुलामुलींनी नेहाचे पाहून खरोखर शाळा काढली. गावातल्या विहिरीजवळ, संध्याकाळी चार ते सहा, आठवड्याचे सहा दिवस, वंचित घरांतली सुमारे ५० मुले. संहितेत जे एका पात्राचे पुण्यकर्म होते, ते गावात अनेकांनी मिळून करायचे काम झाले. याचे श्रेय मी मालिकेपेक्षा श्रोतागटांना देते. माणसे एकत्र बसून ऐकत होती, मग वाद घालत होती. मालिका संपल्यावर काही श्रोत्यांनी स्वतःच नाटके बसवून गावात केली, म्हणजे शेवटी ती जलशापाशीच आली. सामुदायिक श्रवणाचा असा प्रयोग आपल्याकडे १९५६ सालीच पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत शेतीच्या कार्यक्रमांसाठी केला होता. त्याचे गोडवे गाताना, रेडिओचा संच कोणाच्या ओसरीवर ठेवायचा आणि त्या ओसरीवर कोणी चढायचे, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे.

एकत्र ऐकण्याने नेमके काय होते, याचे उत्तर आफ्रिकेतून आले आहे. रवांडात १९९४ साली झालेल्या नरसंहाराला एका रेडिओ केंद्राने चिथावणी दिली होती. त्याच देशात २००४ साली 'मुसेकेवेया', म्हणजे नवी पहाट, ही दोन भांडणाऱ्या गावांची श्रुतिकामाला सुरू झाली. एलिझाबेथ पालुक यांनी काही गटांना वर्षभर ती ऐकवली आणि इतर गटांना आरोग्यविषयक मालिका. त्यांना असे आढळले, की श्रोत्यांच्या मनातली मते फारशी बदलली नाहीत. बदलली ती, आपल्या समाजात काय चालते आणि काय चालत नाही याविषयीची समजूत, आणि तिच्याबरोबर वागणूक. हृदयपरिवर्तनावर विसंबून राहण्याचा सल्ला ज्यांनी आयुष्यभर ऐकला, त्यांना हा निष्कर्ष मोलाचा वाटावा. सवर्णाचे मन कधी निर्मळ होईल याची वाट आम्ही का पाहावी? चहाच्या दुकानात वेगळी कपबशी ठेवायची त्याला चारचौघांत लाज वाटली तरी आमचे आजचे काम होते. नभोनाट्य ही लाज निर्माण करू शकते, ही त्याची खरी ताकद. मात्र त्यासाठी कपबशी नाटकात आली पाहिजे, आणि ज्याने तिच्यातून चहा प्यायला आहे त्याने ती लिहिली पाहिजे.

त्याची सोय अगदीच नाही असे नाही. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. तेलंगणातील माचनूर येथे २००८ पासून 'संगम रेडिओ' दलित स्त्रिया चालवतात. बी-बियाणे, आजारपण, गाणी, सगळे त्यांच्याच बोलीत. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' त्याच वर्षी सुरू झाले. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. म्हणजे गावात बहिष्कार पडला तर तो बातमी म्हणून त्या रेडिओवर सांगता येत नाही. श्रुतिका करायला मात्र मनाई नाही. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी एकांकिका लिहिणारी मुले बाहेर पडतात आणि स्पर्धेच्या चषकामागे धावतात. त्यांतल्या दहा जणांनी जरी वीस मिनिटांची एकेक संहिता लिहून जवळच्या अशा केंद्राकडे नेली, तर ती कोण नाकारतो आणि काय कारण देतो हे कळेल. ती कारणे या अंकांतून छापावीत, अशी माझी संपादकांना विनंती आहे.