मच्छरदाणीच्या आतला माणूस

परभणीत आमच्या वस्तीतल्या पोरांना एक चित्रांचं पुस्तक दाखवलं. कांचा इलय्या यांचं ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’. २००७ साली नवयानानं काढलेलं. चित्रं दुर्गाबाई व्याम यांची. पुस्तक इंग्रजी, म्हणून मी आपल्या बोलीत सांगत होतो. चामड्याचं पान आलं तेव्हा पदरची भर घातली. चुन्याच्या पाण्यात कातड्याचे केस सुटतात. मग तरवडाच्या, बाभळीच्या सालीतला तुरट अर्क मुरला की कातडं सडत नाही. हे रसायनशास्त्रच की!

एका पोरानं विचारलं, “दादा, हे पयल्यांदा केलं त्याचं नाव काय?”

मी गप्प. पुस्तकही गप्प.

प्रयोगशाळेतल्या थोर पुरुषाऐवजी राबणारे हात दाखवले, ही इलय्यांची मोठी कामगिरी. पण त्यात जातीचं कसब आहे, माणसाची गोष्ट नाही. आणि गोष्ट नसली की कसबाचा नुसता गौरव उरतो. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला लावलं, ते कशासाठी? ज्ञान आपलं म्हणताना गुलामी गोड होता कामा नये.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या २०११ च्या ‘भीमायन’मध्ये ही गोष्ट आहे. तिथं विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. अक्षर न येणाऱ्या पोरालाही कळतं, हे डसणारं. विज्ञानाचा इतिहास असा चितारला पाहिजे.

विषय आपल्या शेजारीच आहे. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. परभणीही तेव्हा निजामाच्याच मुलखात. रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. १९०२ साली नोबेल मिळालं. ते डास ज्याच्या रक्तावर पोसले तो रोगी हुसेन खान. त्याला डासामागं एक आणा मिळाला. रॉस जगाला ठाऊक झाला, हुसेन खान आण्यापुरता उरला.

त्याचा ताप, त्याचं घर, त्या आण्यांचं त्यानं काय केलं, हे कल्पनेनं भरा. ती मुभा कथेला आहेच. पण तारीख आणि शोध यांना हात लावू नका. शोध हुसेन खाननंच लावला, असं लिहाल तर पुराणात विमानं उडवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? कल्पित कुठलं नि घडलेलं कुठलं, हे शेवटच्या पानावर पोरांना सरळ सांगा.

दोस्तहो, पेन्सिल उचला. सूक्ष्मदर्शकावर वाकलेला साहेब पुष्कळांनी काढलाय. तुम्ही आधी मच्छरदाणीच्या आत बघा.