स्पर्शबंदी आणि स्वयंशिक्षण

मूल आपले आपण शिकते, शिक्षकाने त्याच्या वाटेत येऊ नये, हा विचार आता आपल्याकडील शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य झाला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोचला. विचार खरा आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु तो मांडणारे एक गोष्ट गृहीत धरतात. समोरच्या वस्तूला हात लावण्याची मुलाला मोकळीक आहे, हे ते गृहीत. ज्या समाजाने काही मुलांचा हातच विटाळाचा ठरविला, तेथे हे गृहीत तपासले पाहिजे.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप दिवसभर कामावर आणि मुले उघड्यावर, अशी ती वस्ती. या मुलांसाठी बाईंनी बुटकी कपाटे केली. मुलाने वस्तू स्वतः काढावी, हाताळावी, पुन्हा जागेवर ठेवावी. अक्षरेदेखील खरखरीत कागदाची. डोळ्यांनी वाचण्याआधी ती बोटांनी गिरवायची. दट्टा खाचेत बसला नाही की चूक कळते. ती दाखवायला छडी लागत नाही. म्हणजे या पद्धतीचा सारा भार स्पर्शावर आहे. आज आपल्या शहरांत हीच पद्धत भरमसाट फी घेणाऱ्या शाळांची शोभा झाली आहे. तिचा जन्म गरिबांच्या वस्तीतला, हे तेथे फारसे कोणी सांगत नाही.

रोममध्ये हे घडण्याच्या थोडीच वर्षे आधी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत होते. बसायला घरून आणलेले गोणपाट; वर्गात बसायचे तेही वेगळे. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. पुढे मुंबईच्या हायस्कुलात त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. नळ, डबा, फळा, खडू या वस्तूंमधूनच मूल जग ओळखते, आणि नेमक्या त्याच वस्तू निषिद्ध होत्या. अस्पृश्यतेचा विचार आपण पाणवठा आणि देऊळ यांच्या संदर्भात पुष्कळ केला. पण ती मुलाच्या ज्ञानेंद्रियावर घातलेली बंदीही होती, हे पुरेसे मांडले गेलेले नाही.

दलित आत्मकथनांच्या समीक्षेतही ही उणीव दिसते. शाळेच्या दारात बसलेले मूल आले की समीक्षक हळहळतो, ‘दाहक अनुभव’ असे लिहितो आणि पुढे जातो. परंतु तेच मूल शाळेबाहेर नदी, रान, बाजार, जत्रा सारे काही पालथे घालते, नावे विचारते, वस्तू उचकटून पाहते. तेथे त्याची जिज्ञासा कमी पडत नाही. उंबऱ्याशी आल्यावरच ती मुकी होते. हे प्रसंग केवळ अपमानाच्या कहाण्या म्हणून वाचणे हा अर्धा वाचा आहे. जिज्ञासा कोठे फुलते आणि कोठे ठेचली जाते, याचा तो शिक्षणशास्त्रीय पुरावा आहे.

ताराबाई मोडकांना याची जाण होती. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हे मोठेच काम. पण अंगणातले शिंपले हाताळून आलेले मूल गावच्या शाळेतल्या माठापाशी पोचले की काय घडते, हा प्रश्न अंगणाने सुटत नाही. तो गावाने सोडवायचा असतो.

आणखी एक उदाहरण अलीकडचे. १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे सुगत मित्र यांनी एका कंपनीच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला संगणक बसविला. शिक्षकाविना मुले तो चालवू लागली. प्रयोगाची जगभर वाहवा झाली. २०१३ साली दहा लाख डॉलरचे पारितोषिकही मिळाले. मुलांची बुद्धी त्यातून सिद्ध झाली, याचा आनंदच आहे. पण वस्तीला ती कधीच सिद्ध करून हवी नव्हती. वस्तीला शाळा हवी होती, आणि भिंत होती तशीच राहिली. शिवाय जेथे कोणी मोठे माणूस नसते तेथे दांडगा मुलगा पुढे होतो. लहान मूल आणि मुलगी मागे उभी राहते. मुलाला मोकळे सोडणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे. ‘मुले आपली आपण शिकतात’ हे वाक्य शिक्षक न नेमण्याची सबब होणार असेल, तर त्याला आपला नकार असला पाहिजे.

शिक्षक हवाच, उत्तरे पाठ करून घेण्यासाठी नव्हे, तर वस्तू प्रत्येक हातापर्यंत पोचते की नाही हे पाहण्यासाठी. हा मजकूर वाचणाऱ्या शिक्षकांनी उद्या आपल्याच वर्गात एवढे पाहावे: लोहचुंबक आणि भिंग प्रथम कोणाच्या हातात जाते, आणि केर काढायला कोणाचे नाव घेतले जाते. या दोन याद्या वेगळ्या निघाल्या, तर भिंतीवर ज्ञानरचनावादाचे कितीही तक्ते लावले तरी त्या वर्गात स्पर्शबंदी चालू आहे असे समजावे.