कथा माहीत असलेला चित्रपट : 'पथेर पांचाली'

प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहावेत अशा चित्रपटांच्या याद्या वेळोवेळी केल्या जातात आणि भारतात केलेल्या अशा बहुतेक याद्यांत 'पथेर पांचाली'ला स्थान असते. या सर्वमान्यतेतून एक वेगळीच आपत्ती ओढवली आहे. चित्रपटाचे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेला नसतो. आणि साहित्याच्या अभ्यासकाला तर न पाहण्याची एक सन्माननीय सबब मिळालेली असते. मूळ कादंबरी त्याने बहुधा अनुवादातून वाचलेली असते. निदान तिचे कथानक त्याला माहीत असते. कथा माहीत असताना पाहण्यासारखे काय उरले, असे त्याला वाटते. या वाटण्याच्या मुळाशी चित्रपट म्हणजे कथेचे सचित्र वाचन अशी समजूत आहे. 'पथेर पांचाली' एकदा तरी पाहावा तो प्रामुख्याने या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी 1929 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या संक्षिप्त बालआवृत्तीसाठी चित्रे काढण्याचे काम सत्यजित राय यांच्याकडे आले आणि त्या कामातच चित्रपटाचे बीज पडले. 1952 साली चित्रीकरण सुरू झाले ते काशफुलांच्या रानातील प्रसंगाने. पुढच्या वेळी मंडळी तेथे गेली तेव्हा गुरांनी फुले फस्त केली होती. उरलेला प्रसंग पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबला. पैशाअभावी काम अनेकदा बंद पडले, अखेर पश्चिम बंगालच्या सरकारने साहाय्य केले आणि 1955 साली चित्रपट प्रदर्शित झाला. 1956 च्या कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. हा इतिहास सुपरिचित आहे. कृतीच्या थोरवीचा पुरावा म्हणून तो वारंवार सांगितला जातो. पण अडचणी सोसून निर्माण झालेली प्रत्येक कृती थोर नसते. पुरावा पडद्यावरच शोधला पाहिजे.

कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करताना काय गाळले आणि काय ठेवले याची यादी करण्याचा प्रघात आहे. या यादीतून निष्ठेचा हिशेब लागतो, कलेचा लागत नाही. म्हातारी इंदिर ठाकरुण कादंबरीच्या पहिल्याच भागात मरण पावते. अपू तेव्हा कळत्या वयात आलेलाही नसतो. राय यांनी तिचे आयुष्य वाढवले आणि तिचा मृत्यू आगगाडीच्या प्रसंगाशेजारी आणून ठेवला. भावंडे गावापासून दूर, अनोळखी माळावर जातात; तारेच्या खांबाला कान लावून त्यातली घरघर ऐकतात; काशफुलांच्या पांढऱ्या लाटांपलीकडून काळा धूर उठतो. परतताना वेळूच्या बनात म्हातारी गुडघ्यांत डोके घालून बसलेली दिसते. दुर्गा तिला थट्टेने हलवते आणि ते शरीर कलंडते. तिचा लोटा घरंगळत पाण्यात जातो. एकाच दिवशी मुलांना दूरचे जग दिसते आणि घरातले एक माणूस जगाबाहेर गेलेले दिसते. या दोन घटनांमधला संबंध कोणी बोलून दाखवत नाही. कादंबरीकाराला तो निवेदनात सांगता आला असता. दिग्दर्शक केवळ शेजार घडवतो आणि अर्थ प्रेक्षकावर सोपवतो.

म्हातारीच्या अखेरच्या भेटीचा तपशीलही असाच बोलका आहे. तिला घरात आश्रय नाकारला जातो. ती पाणी मागते, तर ते स्वतःच घ्यावे असे सुचवले जाते. ती घोटभर पिते आणि उरलेले पाणी एका रोपट्यावर ओतते. ज्या घरात तिला जागा उरलेली नाही तेथील रोपट्याची काळजी घेण्याची तिची सवय मात्र शाबूत आहे. सर्वजयेच्या कठोरपणावर याहून तीव्र भाष्य संवादातून क्वचितच झाले असते. आणि तरीही हे भाष्य सर्वजयेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही, कारण रिकामी भांडी आणि न आलेला पगार यांचा भार प्रेक्षकाने तिच्याबरोबर वाहिलेला असतो.

माध्यमभेदाचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय हरिहर परत येतो त्या प्रसंगात येतो. कादंबरीत तो दुर्गेविषयी विचारतो आणि सर्वजया आक्रोश करीत मुलगी गेल्याचे सांगते. तेथे वाक्य आहे आणि वाक्याची परिणामकारकता निर्विवाद आहे. चित्रपटात हरिहर आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवत राहतो. शेवटी तो दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजया ती हाती घेते, दातांत दाबते आणि कोसळते. त्या क्षणी तिचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्या जागी एसराजाच्या कुळातील तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. संगीत येथे रडण्याची साथ करत नाही, ते रडण्याची जागा घेते. साधे रडणे ऐकताना प्रेक्षकाने सर्वजयेची कीव केली असती. हा सूर मात्र केवळ तिच्या गळ्यातला राहत नाही. घर, अंगण आणि बाहेर उभा असलेला अपू या सर्वांचा तो होतो. रविशंकर यांच्या संगीताची योजना किती विचारपूर्वक झाली आहे ते येथे कळते. हा परिणाम कथानकाच्या कोणत्याही सारांशात उतरणार नाही.

तिसरे उदाहरण वस्तूच्या बदलाचे आहे. गाव सोडताना अपूला दिदीने लपवलेली चोरीची वस्तू सापडते. कादंबरीत ती सोन्याची डबी आहे आणि अपू ती वेळूच्या बनात भिरकावतो. चित्रपटात तिचा हार झाला आणि बनाच्या जागी शेवाळाने झाकलेले तळे आले. हार पडतो, हिरवा थर फाटतो, काळे पाणी क्षणभर दिसते आणि थर हळूहळू पुन्हा मिटतो. बहिणीवरचा आरोप खरा होता हे अपूला कळलेले आहे. तिचे नाव राखण्याचे काम आता त्याचे आहे. पाणी मिटण्यास जो वेळ लागतो तोच या निर्णयाचा काळ आहे. दुर्गेच्या मृत्यूनंतर बाहेर पडताना हाच मुलगा आकाशाकडे पाहून मागे फिरतो आणि छत्री घेतो. पूर्वी जे दुसऱ्यांनी पाहायचे ते आता तो स्वतः पाहू लागला आहे. बालपण संपल्याची एवढी शांत नोंद भारतीय चित्रपटात दुर्मीळ आहे.

याचा अर्थ चित्रपटाने कादंबरी मागे टाकली असा नव्हे. अपूच्या मनात चालणारी स्वप्ने, वाचलेल्या कथांतून त्याने उभारलेले जग, रानावनाच्या वर्णनांतून वाहणारा काळ यांना पडद्यावर पुरेसा प्रतिशब्द मिळालेला नाही. कादंबरी काशीपर्यंत आणि त्याही पुढे जाते, तर चित्रपट गाव सोडणाऱ्या बैलगाडीपाशी थांबतो. उरलेल्या भागासाठी 1956 च्या 'अपराजितो'कडे वळावे लागते. कादंबरीत वाट स्वतःच जणू मुलाशी बोलते. चित्रपटात रिकाम्या घरात साप शिरतो आणि वाट मूक राहते. दोन्ही शेवट आपापल्या माध्यमात खरे आहेत. एकावरून दुसऱ्याचे मूल्यमापन करू पाहणारा अभ्यासक दोन्हींना मुकतो.

या चित्रपटावर एक आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला आणि तो राज्यसभेतही उच्चारला गेला : भारताचे दारिद्र्य परदेशी प्रेक्षकांपुढे मांडून त्याने कीर्ती मिळवली. मराठी वाचकाला या आक्षेपाचा विचार 'श्यामची आई'च्या आधारे करता येईल. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी 1953 साली केलेल्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. 1955 चे सुवर्णपदक 'पथेर पांचाली'ला मिळाले. दोन्हींत गरीब ब्राह्मण कुटुंब आहे, मुलगा आहे, घर सावरणारी आई आहे. श्यामची आई दारिद्र्यातून संस्कार घडवते. दुःखाला तेथे नैतिक फळ येते, म्हणून ते सोसवते. सर्वजयेच्या दारिद्र्याला असे फळ नाही. ते तिला चिडचिडी करते, म्हातारीशी निर्दय करते, मुलीला केस धरून ओढायला लावते. तिच्यातील माया मात्र संपत नाही. दारिद्र्य माणसाला उदात्त करते हा दिलासा येथे नाकारला गेला आहे. आक्षेपाची खरी बोच बहुधा या नकारात असावी. प्रदर्शन मांडणाऱ्याला करुणेचा सौदा करावा लागतो. राय यांनी मिठाईवाल्यामागे धावणारी मुले आणि कुत्रा यांचे तळ्यातील प्रतिबिंब तितक्याच सावकाशीने दाखवले आहे जितक्या सावकाशीने मृत्यू. पहिल्या पावसात भिजणाऱ्या दुर्गेचा आनंद आणि त्याच पावसाने आलेला तिचा ज्वर यांत त्यांनी कोणाचीही किंमत कमी केलेली नाही.

राय 1992 साली निवर्तले. पुढच्याच वर्षी लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हची मोठी हानी झाली. जळून उरलेल्या फिती आणि अन्यत्र जपलेल्या प्रती यांच्या साहाय्याने त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि 2015 साली तो नव्या रूपात लोकांपुढे आला. आग लागली त्या दिवशी कथानकाला काहीच झाले नव्हते. कादंबरी सुरक्षित होती, पटकथेचे सारांश ग्रंथांत छापलेले होते. तरीही जे नष्ट होऊ पाहत होते ते वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे श्रम करावे लागले. कथेपलीकडे चित्रपटात काय उरते, या प्रश्नाचे उत्तर त्या जळक्या फितींत होते. ज्याला कथा माहीत आहे त्या वाचकाने तर हा चित्रपट अवश्य पाहावा. जे पाहायचे आहे ते त्याला अद्याप माहीत नाही.