आमच्यावरचा चित्रपट आणि आमचा चित्रपट

मी चित्रपट आवडीने पाहणारा माणूस आहे. चळवळीच्या बैठकांत मी हे फारसे बोलत नसे. हिंदी चित्रपट म्हणजे भांडवलदारांनी पाजलेली अफू, असे आमच्यातले जाणते म्हणत आणि मी मान डोलावीत असे. बैठक संपली की सायकल काढून रात्रीचा खेळ गाठत असे. ही लबाडी बरीच वर्षे चालली. शिक्षकीतून निवृत्त झाल्यावर या आवडीचा हिशेब मांडावा असे वाटू लागले. कारण दलित वाचकाच्या अभिरुचीविषयी आपण पुष्कळ लिहिले; दलित प्रेक्षकाच्या आवडीकडे मात्र करमणूक म्हणून पाठ फिरवली. पुस्तके न वाचलेल्या आपल्या आयाबहिणींनी चित्रपट पाहिले होते. त्यांची आवड म्हणजे आपल्या समाजाची न लिहिली गेलेली समीक्षा होती, असे मला आता वाटते.

यश चोप्रांचा 'दीवार' १९७५ साली आला. आमच्या तालुक्याच्या गावी तो तंबूत यायला आणखी दोन वर्षे लागली. मायला घेऊन मी गेलो. त्यात एक प्रसंग आहे. बूट पॉलिश करणाऱ्या पोरापुढे एक माणूस पैसे फेकतो. पोरगा ते उचलत नाही. हातात द्या म्हणतो. सलीम-जावेद यांनी हा प्रसंग लिहिला तेव्हा त्यांच्या मनात अस्पृश्यता असेल असे मला वाटत नाही. तो पोरगा मोठेपणी विजय वर्मा होतो. त्याचा बाप कामगारांचा पुढारी असतो. जातीचा शब्दही चित्रपटात येत नाही. पण माय अंधारात मोठ्याने बोलली, "बरं केलं लेकरानं. हातातच द्याया पायजे पैसा."

गावच्या दुकानदाराने तिच्या हातात कधी पैसा ठेवला नव्हता. सुटी नाणी तो ओट्यावरून खाली टाकी आणि ती वाकून वेची. मीही ते लहानपणी पाहिले होते. 'दीवार'मधल्या पोराने तिच्या वतीने ते वाकणे नाकारले. चित्रपटाने न सांगितलेली गोष्ट मायने आपल्या पदरची घालून पुरी केली. त्या रात्री तंबूत बसलेल्या आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाने थोडेफार हेच केले असणार. परक्याच्या चित्रपटात आपण आपली गोष्ट घुसवली आणि तो आपला केला. आमच्या आवडीचे मूळ मला येथे दिसते.

आता आमच्यावर म्हणून निघालेल्या चित्रपटांकडे पाहू. बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' १९३६चा. देविका राणीने रंगवलेली कस्तुरी आगगाडी थांबवायला धावते आणि प्राण देते. बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९चा. नूतनच्या अभिनयाविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. ब्राह्मण घरात वाढलेल्या या अस्पृश्य मुलीला घरातली बाई मुलगी म्हणून स्वीकारत नाही. मग त्या बाईला अपघात होतो, सुजाताचे रक्त तिला चालते, आणि रक्त दिल्यावर सुजाता मुलगी ठरते. एक जीव देते, दुसरी रक्त देते. माणूस असल्याचा पुरावा द्यायचा तो आम्हीच, आणि तपासून पसंत करायचा तो त्यांनी. रक्त जुळले नसते तर काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. सुजाताच्या जागी एखादी भांडखोर, काळीसावळी, आपला हक्क मागणारी मुलगी असती तर तिला या घरात जागा मिळाली असती काय? बिमल रॉय यांची करुणा खरी आहे. पण करुणा करणाराच त्या चित्रपटाचा नायक असतो आणि प्रेक्षागृहात त्याच्याच शेजारची खुर्ची मांडलेली असते. आम्ही त्या खुर्चीवर बसून आमच्याचसाठी रडावे अशी अपेक्षा असते.

समांतर चित्रपटाने ही भाबडी करुणा टाकली, हे मान्य केले पाहिजे. श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' (१९७४) आणि गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' (१९८०) यांनी जमीनदाराचा, ठेकेदाराचा, वकिलाचा आणि पुढाऱ्याचा संबंध उघडा करून दाखवला. पण एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते आहे. 'अंकुर'मधला किष्टय्या मुका आणि बहिरा आहे. 'आक्रोश'मधला आदिवासी लहान्या भिकू बोलू शकतो, पण जवळजवळ संपूर्ण चित्रपट तो गप्प आहे. त्याच्यासाठी बोलतो तो भास्कर कुलकर्णी हा वकील. पटकथा तेंडुलकरांची आहे, आणि हे मौन म्हणजेच आरोप आहे हे मला कळते. पण हे चित्रपट आले ती वर्षे कोणती? दलित पँथर १९७२ साली स्थापन झाली होती. आमचे कवी, आमचे आत्मकथनकार रस्त्यावर आणि कागदावर बोलत होते, शिव्याही देत होते. आणि नेमक्या त्याच वर्षांत पडद्यावरचा दलित-आदिवासी मुका होता. आमचा आवाज ऐकू येऊ लागला तेव्हा पडद्याला आमचे मौन आवडले, याला योगायोग म्हणावे काय?

सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. ओम पुरी दुखी चांभार आहे, स्मिता पाटील त्याची बायको. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला तो ब्राह्मणाकडे जातो, उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतो, आणि त्याचे प्रेत ब्राह्मण दोरीने ओढत नेतो. हा चित्रपट मला श्रेष्ठ वाटला, आजही वाटतो. दूरदर्शनवर तो दाखवला तेव्हा मी मुद्दाम मायला शेजाऱ्यांकडे घेऊन गेलो होतो. दुखी कुऱ्हाड चालवू लागला तशी ती उठली. मी म्हणालो, "बस ना माय, आपल्यावरच आहे." ती म्हणाली, "म्हनूनच. हे म्या बघितलंय. पुन्हा कशाला दावतूस?"

मला तेव्हा तिचा राग आला. कलेची जाण नाही असे मनात आले. आज मला माझीच लाज वाटते. तिने मोजक्या शब्दांत विचारले होते की हा चित्रपट कोणासाठी आहे. ज्यांनी दुखीला पाहिले नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांना तो दाखवणे जरूर होते. रायांनी ते काम चोख केले. पण मायला त्यातून नवे काही मिळत नव्हते. 'दीवार'मधल्या पोराने तिला जे दिले, ते तिला मिळाले नव्हते आणि हवे होते.

म्हणजे 'दीवार' श्रेष्ठ आणि 'सद्गती' कनिष्ठ असे मला म्हणायचे नाही. नुसत्या आवडीवर विसंबणे धोक्याचे आहे. 'दीवार'चा विजय एकटा लढतो, तस्कर होतो आणि देवळात मरतो. संघटनेचा रस्ता चित्रपटाने बापाबरोबरच बंद केलेला असतो. परक्याच्या गोष्टीत जागा शोधण्याची ही सवय आपल्याला कोठवर नेते, याचे मोठे उदाहरण १९८८ साली पंजाबात घडले. दूरदर्शनवरची 'रामायण' मालिका उत्तरकांडाआधीच संपणार असे दिसताच जालंधरच्या सफाई कामगारांनी ती पुढे चालू ठेवावी म्हणून संप केला. वाल्मीकी हा त्यांचा आद्यपुरुष. त्याची कथा वगळली जाणे त्यांना अपमानाचे वाटले. हा संप उत्तरेतल्या इतर शहरांतही पसरला, आणि पुढचे भाग निघाले. मी तेव्हा हसलो होतो. ज्या कथेत शंबूकाचा वध आहे तिच्यासाठी झाडू खाली ठेवायचा! आता हसू येत नाही. आपल्या झाडूची ताकद त्या कामगारांना कळली होती. ती ताकद त्यांनी दुसऱ्याच्या पोथीत आपले एक पान मिळवायला खर्च केली, हे दुःख आहे. आणि आम्हीही तंबूत बसून तेच करीत होतो.

म्हणून २०१३ सालचा नागराज मंजुळे यांचा 'फॅन्ड्री' मला महत्त्वाचा वाटतो. येथे गोष्ट घुसवावी लागत नाही. जब्या कैकाडी आहे, गावाबाहेर राहतो, बापाबरोबर त्याला डुकरे धरावी लागतात, आणि वर्गातल्या शालूवर त्याचे मन आहे. डुक्कर पकडायची धावपळ सुरू होते आणि गाव जमून मजा पाहते. मी ज्या थिएटरात होतो तेथे लोक हसत होते. मीही हसलो. हे येथे लिहिलेच पाहिजे. मग मारलेले डुक्कर बांबूला टांगून जब्या आणि घरची माणसे शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर बाबासाहेब आहेत, जोतीराव-सावित्रीबाई आहेत. माझे हसू तेथे विरले. अशी चित्रे माझ्या वर्गाच्या भिंतीवर मीच लावली होती, आणि त्या भिंतीपलीकडून कोण काय वाहून नेत होते ते पाहिले नव्हते. आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर कैकाड्यांची पाले होती. त्यांची मुले माझ्या वर्गात चार दिवस येत आणि नाहीशी होत. त्यांच्या घरी मी किती वेळा गेलो? एकदाही नाही.

शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो. 'अंकुर'च्या शेवटीही एक पोरगा दगड मारतो. तो जमीनदाराच्या खिडकीवर बसतो आणि काच फुटते. त्या वेळी मी दगड मारणाऱ्याच्या बाजूला होतो, मनात टाळ्या वाजवीत होतो. एकोणचाळीस वर्षांनी आलेला दगड खुर्चीवर बसून हसणाऱ्यांसाठी होता, आणि मी त्यांच्यात होतो. आमचा चित्रपट आम्हाला गोंजारणारा असेल असे मी धरून चाललो होतो. तो आमचाही हिशेब मागतो, म्हणून तो आमचा.

हे दर वेळी साधत नाही. 'सैराट' (२०१६) पाहताना लोक थिएटरात नाचले, आणि शेवटच्या काही मिनिटांत सुन्न झाले. पण पुढे लग्नाच्या वरातींतून नाच तेवढा उरला. ज्या लग्नांत आधी जात पाहिली गेली त्यांतही 'झिंगाट' वाजले. बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका २०१९ साली दूरचित्रवाणीवर सुरू झाली तेव्हा माझ्या घरी रोज रात्री सगळे तिच्यासमोर बसत. मीही बसलो, डोळे पुसले. नातीने मध्येच एक प्रश्न विचारला तर तिला आम्ही गप्प केले. संविधानसभेत १९४९ साली बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. त्यांचेच चरित्र पाहताना आम्ही प्रश्न विचारणाऱ्या पोरीला गप्प केले!

माझी कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना विनंती आहे. चित्रपट पाहू नका असे वस्तीत सांगू नका. ते कोणी ऐकत नाही, आपणही ऐकलेले नाही. 'सुजाता' आणि 'फॅन्ड्री' एकापाठोपाठ दाखवा आणि मग बोलू द्या. कोणाला काय आवडले, कोण कोठे हसले, कोण मध्येच उठून गेले, ते विचारा. उठून गेलेल्या बाईला आधी विचारा. माझ्या मायला मी तेव्हा विचारले नाही. आता ती नाही.